सासूबाईंसाठी अॅडल्ट डे हेल्थ सेंटर: कोणी पाठवलंय का? (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया)

कंदीपेढा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज लिहायची वेळ आली. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही फ्रीमॉन्टला. अहो आई ७६ वर्षांच्या, सातारला शाळेत शिक्षिका होत्या, सहा वर्षं झाली ग्रीन कार्डवर आमच्याकडे आहेत. मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली. हॉस्पिटल झालं, रिहॅब झालं, मग घरी फिजिओवाली यायची ती पण आठ-दहा आठवड्यांनी बंद झाली, का तर म्हणे आता पुढे सुधारणा दिसत नाही. काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, उजवा हात मात्र जवळजवळ नाहीच. बोलणं स्वच्छ आहे पण विसरायला लागल्यात. आणि विसरतात ते त्यांना कळतं, त्यामुळे चिडचिड.

मी आत्तापर्यंत घरून काम करत होते. आता ऑफिसने आठवड्यातले चार दिवस यायचं फर्मान काढलंय. नवरा तर आधीपासूनच रोज जातो. मधे एक दिवस अर्ध्या तासासाठी मुलाला आणायला गेले तर यांनी डाव्या हाताने दूध तापत ठेवलं आणि जाऊन सोफ्यावर बसल्या. मी आले तेव्हा स्मोक अलार्म नुसता बोंबलत होता, घरभर धूर, आणि अहो आई शांतपणे मला म्हणाल्या, "कुणाचा तरी कुकर झालाय बघ गं." हसावं का रडावं ते कळेना.

डॉक्टरांकडच्या सोशल वर्करने अॅडल्ट डे हेल्थ सेंटर सुचवलं. एक जाऊन बघितलं. फळ्यावर बिंगो, चेअर योगा असं लिहिलेलं, भिंतीवर लाल कंदील, बरीचशी चिनी आणि अफगाणी मंडळी, आपली दोनचार पंजाबी. माणसं हसतमुख होती. पण बाहेर पडल्यावर मला काहीच कळलं नव्हतं. म्हणून विचारतेय –

तिथे दिवसभर नक्की करतात काय? का नुसतं बसवून ठेवतात? बाथरूमला कोण नेतं? (हा माझा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, घरी मी नेते.) शाकाहारी जेवणाचं काय? पैसे किती आणि कोण देतं? मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) आम्ही पाच वर्षं झाल्यावर विकत घेतलंय, पार्ट ए (हॉस्पिटलचा) आणि बी (डॉक्टरांचा) दोन्ही. मेडिकॅलला (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा राज्याचा विमा) अर्ज केलेला नाही, लोक घाबरवतात म्हणून.

आणि शेवटचं म्हणजे दीर पुण्याहून फोनवर म्हणाले, "आईला पाळणाघरात टाकताय होय?" तेव्हापासून नवऱ्याच्या तोंडाला कुलूप आहे. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

---

मुळशीकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्या दिरांचं अगदीच चूक नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं त्या बाईला आता कुणीतरी टाळ्या वाजवून रंगीत बॉल पकडायला शिकवणार. भारतातून एखादी बाई नेता येत नाही का सांभाळायला?

---

तिखटमीठ

मुळशीकर काका, भारतातून बाई न्यायला ती काय लोणच्याची बरणी आहे का? तिला व्हिसा कोण देणार? व्हिजिटर व्हिसावर आणून कामाला ठेवणं हा सरळ सरळ बेकायदा मामला आहे. आणि दिरांना एवढा कळवळा असेल तर ते तीन महिने येऊन राहू देत की. असो.

कंदीपेढा, मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ. माझी आई चार वर्षं जात होती. तिला अल्झायमर होता. आमच्याकडे याला मेडिकल डे केअर म्हणतात आणि एडिसन-आयसेलिन भागात आपल्या लोकांसाठी चालवलेली बरीच आहेत, गुजराती जेवण, भजन, नवरात्रात खुर्चीत बसून गरबा. आई दादरची. आयुष्यात कधी गुजराती बोलली नाही ती शेवटी मला "केम छो बेटा" म्हणायला लागली. मी कोण ते आठवायचं नाही पण केम छो आठवायचं.

पहिलं सेंटर आम्ही सोडलं. तिथे कोपऱ्यात टीव्ही सकाळपासून लावलेला आणि सगळे त्याच्यासमोर खुर्च्यांत. भरती व्हायच्या वेळी मला म्हणाले दोन माणसं आणलीत तर गिफ्ट कार्ड देऊ. सरकारी पैशावर चालणाऱ्या जागेत असं आमिष दाखवायला कायद्याने बंदी आहे, मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि कहर म्हणजे एके दिवशी ड्रायव्हरने आईला कॉम्प्लेक्सच्या गेटपाशी उतरवलं आणि निघून गेला, दारापर्यंत सोडायचं असं लिहून दिलेलं असताना. जानेवारीचा महिना. शेजारच्या तमिळ काकूंनी तिला घरात घेतलं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून बंद.

दुसरं सेंटर मात्र सोनं होतं. फरक काय होता विचारशील तर तिथे नर्स फोन करायची. "आज मम्मीने अर्धंच जेवण घेतलं", "पायाला सूज दिसतेय, डॉक्टरांना कळवलंय". पहिल्या सेंटरमधून सात महिन्यांत एकही फोन नव्हता आला, आणि मी मूर्ख, मला वाटायचं सगळं ठीक चाललंय म्हणून फोन येत नाही.

जायला तयार कशी झाली ते सांगते. आई एलआयसीत होती. पहिले दोन आठवडे दारातच अडून बसायची. मग एक दिवस माझ्या नवऱ्याने तिला पर्स दिली, पर्समध्ये रुमाल, जुना चष्मा, एक पास अडकवलेला आणि म्हणाला आई ऑफिसला उशीर होतोय, बस आलीय. उठून तरातरा गेली. चार वर्षं ऑफिसला गेली बाई. मधूनमधून विचारायची पगार अजून जमा नाही झाला का.

---

मुळशीकर

म्हणजे फसवून पाठवलंत.

---

तिखटमीठ

हो. फसवून पाठवलं. रोज सकाळी तिला "तुला अल्झायमर झालाय म्हणून तुला तिकडे जायचंय" असं खरं सांगितलं असतं तर रोज सकाळी तिला ते नव्याने कळलं असतं. तुम्ही काय केलं असतंत?

---

गुडघेदुखी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बे एरियातच अशा एका सेंटरमध्ये नऊ वर्षं काम करतेय (नाव सांगत नाही, जाहिरात वाटायला नको). कंदीपेढा, तुझ्या प्रश्नांची उत्तरं जमेल तशी देते, मधेच पेशंट आला तर तुटक वाटेल.

आधी हे लक्षात घे की दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक सोशल डे केअर, म्हणजे सोबत, जेवण, करमणूक, लक्ष ठेवणं. दुसरं डे हेल्थ, त्यात नर्स, थेरपिस्ट, सोशल वर्कर असावेच लागतात आणि आपल्या राज्यात त्याला आरोग्य खात्याचं लायसन्स लागतं. मेडिकॅलमधून जो लाभ मिळतो त्याचं नाव सीबीएएस, कम्युनिटी बेस्ड अॅडल्ट सर्व्हिसेस, सगळे सी-बास म्हणतात. २०१२ पर्यंत ते अॅडल्ट डे हेल्थ केअर याच नावाने होतं, तेव्हा बजेटच्या तंगीत सरकार ते बंदच करायला निघालं होतं, लोक कोर्टात गेले आणि तडजोडीतून हे नवं नाव आणि नवे निकष आले. त्यामुळे पाटीवर एक नाव आणि कागदावर दुसरं असं दिसलं तर गोंधळू नकोस. वय फक्त १८ च्या वर लागतं, म्हणजे नुसती म्हातारी माणसं नसतात, आमच्याकडे तिशीतला अपघात झालेला मुलगापण आहे.

दिवस कसा जातो? साडेआठपासून व्हॅन लागायला लागतात. दारात नर्स उभी असते ती काही नमस्कार-चमत्काराला नाही, ती प्रत्येकाची चाल बघत असते. काल काठी डाव्या हातात होती आज उजव्यात का, पाय आज जास्त ओढतोय का, डोळे कसे आहेत. मग ज्यांचं ठरलेलं असेल त्यांचं बीपी, शुगर, वजन. दुपारच्या गोळ्या, कोणाचं इन्सुलिन, कोणाच्या जखमेचं ड्रेसिंग. गोळ्या डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरशिवाय आम्ही देत नाही, घरून पुडीत बांधून पाठवलेली गोळी परत येते त्यावर रागावू नका.

मग ज्याच्या त्याच्या प्लॅनप्रमाणे. फिजिओकडे चालणं, बसणं-उठणं, तोल. स्पीच थेरपिस्ट बोलण्याबरोबर गिळणंही बघते, स्ट्रोकच्या पेशंटला पाणी-चहा ठसकत असेल तर घट्ट करून देतात. माझ्याकडे रोजची कामं. तुझ्या सासूबाईंसारख्या एका हातावर आलेल्या माणसाला ब्लाउजची हुकं, नाडी, वेणी, ताटातलं खाणं. एका आजींचं ताट टेबलावरून पळायचं आणि त्या चिडून जेवणच सोडायच्या. ताटाखाली ओला फडका घातला, ताट हललं नाही, जेवल्या. महागड्या नॉन-स्लिप मॅट मिळतात, पण ओल्या फडक्याने काम होतं, आज रात्रीच घरी करून बघ. हुकांच्या जागी वेल्क्रो लावून घे आणि आधी दुखऱ्या हाताची बाही घालायची, काढताना आधी चांगल्या हाताची काढायची. एवढं जमलं तरी सकाळची निम्मी भांडणं मिटतात.

बाथरूम. चांगला प्रश्न विचारलास, बहुतेक लोक जेवणाचं विचारतात आणि हे विचारायला लाजतात. मदतनीस असतात, नेतात, गरज असेल तर बदलतात. तू आधीच लिहून दे की बाईमाणूसच हवी. आणि ज्यांना वेळेत सांगता येत नाही त्यांना आम्ही दर दोन तासांनी स्वतःहून नेतो, विचारत नाही, कारण विचारलं की सगळे "नको" म्हणतात. सेंटर बघायला जाशील तेव्हा फळा बघू नकोस, बाथरूम बघ. दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत का, व्हीलचेअर वळते का, वास. आणि सकाळी दहाला जाऊ नकोस, तेव्हा सगळे ताजेतवाने असतात, दुपारी एकला जेवणं झाल्यावर जा, न सांगता. पेंगणाऱ्या माणसांकडे कोणी बघतंय का ते तेव्हा कळतं. पडलं तर काय करता, घरी किती वेळात कळवता, हे विचार आणि उत्तर देताना समोरचा किती अडखळतो ते बघ.

जेवण गरम असतं, आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने, डायबेटिसचं वेगळं, कमी मिठाचं वेगळं. शाकाहारी मिळतं पण शाकाहारी म्हणजे काय यावर प्रत्येक सेंटरचं वेगळं मत असतं. चिकनच्या पाण्यात शिजवलेला भात शाकाहारी म्हणून समोर येऊ शकतो. स्पष्ट विचार.

सेंटरवर दिवसाला कमीत कमी चार तास सेवा मिळायला हवी, त्यात व्हॅनचा प्रवास धरत नाहीत. प्रवास मात्र नक्की विचार, एकटीला तासभर फिरवून आणतात का ते. दिवस किती मिळतील ते असेसमेंटवर, रोजच जायला हवं असं काही नाही.

रस्ता असा आहे: मेडिकॅल असेल तर तिच्या विमा प्लॅनकडून पात्रता बघतात, मग सेंटरची टीम तीन दिवसांपर्यंत तिला बघते, मग तिच्या नावाचा सेवांचा प्लॅन बनतो आणि साधारण दर सहा महिन्यांनी तो नव्याने करतात. डॉक्टरांची हिस्टरी आणि टीबीची तपासणी लागते. आपल्याकडे लहानपणी बीसीजी टोचलेली असते त्यामुळे हातावरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची टेस्ट मागा, एक फेरी वाचेल.

आणि एक, विषय थोडा वेगळा पण राहवत नाही. फिजिओ "सुधारणा दिसत नाही" म्हणून बंद केली म्हणालीस ना? मेडिकेअरमध्ये हे कारण चालत नाही. २०१३ साली जिमो खटल्याची तडजोड झाली त्यात हे स्पष्ट झालंय की सुधारणा होत नसली तरी आहे ते टिकवण्यासाठी किंवा घसरण लांबवण्यासाठी तज्ज्ञ माणसाची गरज असेल तर थेरपी मिळू शकते. डॉक्टरांना जिमो हा शब्द उच्चारून दाखव, बघ.

---

हिशेबनीस

गुडघेदुखी ताईंनी काम सांगितलं, मी दाम सांगतो. माझ्या वडिलांसाठी हे सगळं स्वतः केलंय, वकील किंवा एजंट नाही, त्यामुळे शेवटी खात्री तुमची तुम्ही करा.

मेडिकेअर, मेडिकेड आणि मेडिकॅल हे तीन शब्द इथल्या मराठी घरात रोज एकमेकांत मिसळतात. मेडिकेअर म्हणजे ६५ च्या वरच्यांचा केंद्राचा विमा. साधं, ओरिजिनल मेडिकेअर डे केअरचे पैसे देत नाही. तुम्ही पार्ट ए पूर्ण प्रीमियम भरून घेतला असेल तर २०२६ मध्ये तो महिना ५६५ डॉलर आणि पार्ट बी २०२.९०, एवढं भरूनही डे केअर शून्य, हे ऐकून आमच्या हिने तो कागदच फाडला होता. काही मेडिकेअर अॅडव्हान्टेज प्लॅन (मेडिकेअरचेच, पण खाजगी कंपन्यांमार्फत) थोडेफार दिवस देतात, ते प्लॅन बघून.

मेडिकॅल म्हणजे मेडिकेडचा, कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याचा, कॅलिफोर्निया अवतार. डे हेल्थचा खर्च तिथून होतो. उत्पन्न बघतात, सातारची पेन्शन डॉलरमध्ये किती होते ते तुम्हीच बघा. पण जानेवारी २०२६ पासून ज्येष्ठांसाठी मालमत्तेची मर्यादा परत आलीय, एका माणसाला १,३०,००० डॉलर. मधली दोन वर्षं ती अजिबात नव्हती, म्हणून जुन्या पोस्ट वाचून जाऊ नका. सासूबाईंच्या नावावर सातारला घर, जमीन, एफडी काही असेल तर ते अर्जात सांगायचं. लपवायचं नाही. एफडीवर दोन मुलांची नावं कशी आहेत हेही बघा, आमच्याकडे त्यावरून तीन महिने कागद फिरत होते.

घाबरवणारे लोक बहुतेक पब्लिक चार्जचं बोलत असणार, म्हणजे हा माणूस सरकारी मदतीवर जगेल का ही इमिग्रेशनवाल्यांची परीक्षा. ग्रीन कार्ड हातात असलेल्या माणसाला नागरिकत्वासाठी ती परीक्षा लागत नाही. मात्र सलग १८० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहून परत येताना तो प्रश्न निघू शकतो. आपली मंडळी थंडीत सहा-सात महिने गावी जातात, तिथे जपा, आणि एकदा इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा, व्हॉट्सअॅपवरच्या मामांना नको.

स्वतः भरायचं झालं तर २०२४ च्या जेनवर्थ-केअरस्काउट पाहणीत देशभरातला मधला आकडा दिवसाला साधारण १०० डॉलर होता. बे एरियात जास्तच धरा. पूर्ण दिवस घरी माणूस ठेवण्यापेक्षा तरीही बरंच कमी.

लोकांना माहीत नसलेली एक सोय: तुम्ही दोघं नोकरी करता, तर डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे सांभाळण्याच्या खर्चासाठी पगारातून कर लागण्याआधी पैसे बाजूला ठेवायचं खातं. लोक समजतात ते फक्त मुलांच्या डे केअरला. तसं नाही, स्वतःची काळजी घेऊ न शकणारे आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील, तुमच्याकडे राहत असतील आणि दिवसातले किमान ८ तास तुमच्या घरी असतील तर त्यांच्या डे केअरलाही चालतं. २०२६ पासून वर्षाची मर्यादा ७,५०० डॉलर झालीय. एचआरला विचारलं तर एचआरलाच माहीत नसतं, फॉर्म दाखवा. अर्थात मेडिकॅल पैसे देत असेल तर तो खर्च तुमचा नव्हे, तो यात टाकायचा नाही.

आणि मेडिकॅल मिळालं तर आयएचएसएसला पण अर्ज करा, घरातल्या मदतीचे तास मिळतात आणि ते तास घरचंच माणूस पगार घेऊन करू शकतं. डे हेल्थ आणि हे, दोन्ही एकत्र चालतं.

---

गुडघेदुखी

हिशेबनीस +१. मी एक विसरले. फ्रीमॉन्टला आहेस तर पेस प्रोग्रॅमपण बघ, तो चालवणाऱ्या ऑन लोक संस्थेचं सेंटर तिथेच आहे. ५५ च्या वर, नर्सिंग होममध्ये ठेवावं लागेल इतपत गरज, आणि त्यांच्या भागात राहायला हवं. त्यांचेच डॉक्टर, त्यांचीच औषधं, डे सेंटर, व्हॅन, सगळं एका छपराखाली. तोटा एवढाच की तुझे आत्ताचे डॉक्टर सुटतात, सगळं त्यांच्यामार्फत. मेडिकॅल नसेल तर महिन्याचा हप्ता बराच बसतो.

आणि हे दिरांना ऐकव. ऑन लोक म्हणजे कँटनीजमध्ये सुखाचं, शांत घर. १९७० च्या दशकाच्या सुरवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये हे सुरू झालं. तिथल्या चिनी, इटालियन, फिलिपिनो कुटुंबांना म्हाताऱ्या माणसांना नर्सिंग होममध्ये टाकायचं नव्हतं, आपल्याइतकीच लाज वाटायची त्यांनाही. विल्यम जी नावाचे एक डेंटिस्ट आणि मारी-लुईस अन्साक नावाच्या सोशल वर्कर यांनी इंग्लंडमधल्या डे हॉस्पिटलवरून कल्पना घेतली, दिवसा सेंटर आणि रात्री स्वतःचं घर. तेच पुढे पेस झालं आणि १९९७ च्या कायद्याने मेडिकेअरमध्ये कायमचं गेलं. म्हणजे आई-वडिलांना घरातच ठेवायचं म्हणून काढलेली युक्ती आहे ही.

---

मुळशीकर

मी सगळं वाचलं. मघाशी जरा तिरकं लिहिलं गेलं.

माझं वय ७४. आमच्या भागात महापालिकेचं विरंगुळा केंद्र आहे तिथे मी रोज सकाळी जातो. पेपर, कॅरम, एकमेकांच्या औषधांची चौकशी. आमच्यातले एक गृहस्थ, कॅरमचे पट्टीचे खेळाडू, त्यांना पार्किन्सन झाला. हात थरथरायचा तरी यायचे. मग जिना चढवेना. मग एकदा तिथे बाथरूमला वेळेत पोचले नाहीत. त्यानंतर आले नाहीत. दोन गल्ल्या सोडून राहतात, आम्ही पहिले पंधरा दिवस भेटायला गेलो. आता कोणी जात नाही, मीही नाही. तुमच्या त्या नर्ससारखं कोणी दारात उभं असतं आणि दर दोन तासांनी त्यांना न विचारता नेलं असतं तर ते आजही खेळत असते, हे मला तुमचं वाचताना लक्षात आलं. पुण्या-मुंबईत डिमेन्शियासाठी दोनचार चांगली डे केअर आहेत असं ऐकून आहे, मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने चालवलेली माहीत आहेत, पण आमच्यासारख्यांच्या चालत जायच्या अंतरावर असं काही नाही.

एक मात्र विचारतो. एवढ्या सगळ्या चर्चेत दीर काय म्हणाले ते आहे, नवरा काय म्हणाला ते आहे, सोशल वर्कर काय म्हणाली ते आहे. बाईंना विचारलंत का? त्यांना बोलणं स्वच्छ येतं असं तुम्हीच लिहिलंय.

---

तिखटमीठ

काका, हे मात्र बरोबर बोललात. माझ्या आईला विचारायची वेळ निघून गेली होती. कंदीपेढा, तुझी नाही गेलेली.

---

कंदीपेढा

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही पण प्रत्येक ओळ वाचलीय, नवऱ्यालापण वाचायला लावली.

मुळशीकर काका, नव्हतं विचारलं. खरंच नव्हतं. तुमचं वाचून त्या रात्री भांडी आवरल्यावर जाऊन बसले त्यांच्याजवळ आणि सरळ सांगितलं की मला ऑफिसला जावं लागणार, असं असं सेंटर आहे, तुम्हाला काय वाटतं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तू मला बाथरूमला नेतेस ते मला आवडत नाही." माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं माझं काही चुकतं का. तर म्हणाल्या, "तू सून आहेस. पैसे घेऊन कोणी नेलं तर मला मान वर करून जाता येईल." मी वर्षभर हेच समजत होते की मी करते तेच त्यांना बरं वाटतं.

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः दिरांना फोन केला. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही पण रविवारी दिरांनी आईला व्हिडिओ कॉल केला तेव्हा पाळणाघर हा शब्द नव्हता.

मेडिकॅलचा अर्ज भरलाय. सातारच्या घरात तीन भावांची नावं निघाली, हिशेबनीस म्हणाले तसंच, कागद फिरणार. तोवर आठवड्यातले दोन दिवस स्वतः पैसे भरून सुरू केलंय, दुसऱ्याच एका सेंटरमध्ये. दुपारी एकला, न सांगता गेले होते. एक मदतनीस गुडघ्यावर बसून एका आजोबांचा बूट बांधत होती आणि ते तिला त्यांच्या भाषेत काहीतरी रागावत होते आणि ती "हो हो" करत होती. बाथरूम बघितलं. मग सही केली.

पहिल्या दिवशी घरी आल्या आणि लगेच भाजीला मीठ नाही, चहा म्हणजे गरम पाणी, बिंगोवाली आकडे फार भरभर वाचते, वर्गात मागे बसलेल्यांना ऐकूच येत नाही, अशी सगळी तक्रार. नवरा घाबरला. मी म्हटलं थांब, वर्षभरात एवढं सलग बोलल्या होत्या का? आता म्हणे पुढच्या वेळी आकडे मीच वाचणार आहे असं सांगून आल्यात. बघू.

डॉक्टरांसमोर जिमो उच्चारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नवीन ऑर्डर लिहिली. गुडघेदुखी ताई, तुम्हाला साष्टांग. ओला फडकापण चालतोय.

आता एक बारीक अडचण. दिवस मंगळवार आणि गुरुवार मिळालेत. गुरुवारी त्यांचा दत्ताचा उपास. तिथलं जेवण चालणार नाही, साबुदाण्याची खिचडी डब्यात दिली तर चालते का?

---

गुडघेदुखी

घरचा डबा चालतो का ते प्रत्येक सेंटरचं वेगळं असतं, नर्सला आणि किचनला दोघांनाही विचार, एकाला विचारून भागत नाही. नाव आणि तारीख लिहून दे, फ्रिजमध्ये ठेवतील. दाण्याचं कूट घालणार ना तू? मग आधी सांग, त्यांच्या टेबलावर कोणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर त्यांना वेगळं बसवतील किंवा डबा परत पाठवतील. आणि साबुदाणा मोकळा-फडफडीत नको, गिळण्याचं स्पीच थेरपिस्टने बघेपर्यंत जरा मऊ, दही घालून. दुपारच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतील तर खिचडी बारा वाजता द्या असं लिहून दे, नाहीतर त्या "मी घरी जाऊन खाईन" म्हणतील आणि डबा तसाच परत येईल.